तापवलेला खडा आणि तापलेला वाद

स्फटिकोपचारावर श्रद्धा ठेवणाऱ्यांत एक वाद हमखास रंगतो: भट्टीत तापवलेल्या खड्याचा गुण येतो, की केवळ नैसर्गिक खड्याचाच? आमच्या मते हा प्रश्नच फोल आहे.

बाजारात सिट्रीन म्हणून विकला जाणारा पिवळा खडा बहुतांशी जांभळा अ‍ॅमेथिस्टच असतो. सुमारे ४५० अंश सेल्सियसपर्यंत तापवला की त्यातील लोहामुळे रंग पालटतो. ग्राहकापासून हे लपविणे ही फसवणूकच. परंतु खडा अस्सल निघाला म्हणून दुखणे हटते काय? लंडनच्या गोल्डस्मिथ्स महाविद्यालयातील मानसशास्त्रज्ञ ख्रिस्तोफर फ्रेंच यांनी २००१ साली आपला प्रयोग मांडला. काहींच्या हाती खरे स्फटिक दिले होते, काहींच्या हाती नकली. ऊब आणि झिणझिण्या दोन्ही गटांना सारख्याच जाणवल्या. मग गुण दगडाचा की अपेक्षेचा?

बिशपांच्या अंगठीतही पुष्कळदा अ‍ॅमेथिस्ट असतो, पण तो पदाची खूण म्हणून. त्याने कुणाचा ताप उतरावा अशी ख्रिस्तसभेची शिकवण नाही. खड्याचे सौंदर्य डोळे भरून पाहावे आणि निर्मात्याचे आभार मानावेत. अंगात गाठ लागली असता मात्र खड्याची पारख करीत बसू नये. ते दिवस परत मिळत नाहीत. आधी डॉक्टरांकडे जावे. प्रार्थनेला आम्ही सोबत आहोतच.