आकार कळला, वाट कळली का?

विज्ञानाचे काही दिसले की ‘ते सायन्सवाल्यांचे’ म्हणून पान उलटायचे, ही आम्हा कलाशाखेच्या मुलांची जुनी खोड. पण प्रथिनाची घडी कशी पडते, हा प्रश्न मला आपल्याही प्रांतातला वाटतो. उत्तर हाती आले म्हणजे समजले, असे म्हणावे काय, हा वाद त्यात आहे.

प्रथिन म्हणजे अमिनो आम्लांच्या मण्यांची माळ. ती दुमडून ठराविक आकार घेते. हा आकार मण्यांच्या क्रमातच दडलेला असतो, हे दाखवणाऱ्या ख्रिश्चन अन्फिन्सन यांना १९७२ मध्ये नोबेल मिळाले. मात्र शक्य तो प्रत्येक आकार चाचपत बसली तर माळेला विश्वाचे वयही पुरणार नाही, हे सायरस लेव्हिन्थॉल यांनी १९६९ मध्येच सांगून ठेवले होते. म्हणजे तिची काही वाट असणार. त्या वाटेवर घाटातल्यासारखी एक खिंड असते, आणि माळ तिथे इतकी क्षणभर असते की तिला पकडून पाहणे अशक्य!

केंब्रिजच्या ॲलन फर्श्ट यांनी मग आडमार्ग धरला. जवाच्या दाण्यातल्या एका प्रथिनाचा ६४ मण्यांचा तुकडा घेतला आणि जनुकात उत्परिवर्तन घडवून एकेक मणी बदलला. बदल तरी केवढा? आयसोल्युसीनच्या जागी व्हॅलीन, म्हणजे एक कार्बन आणि दोन हायड्रोजन कमी. घडी तेवढी कमकुवत होते. आता वेग मोजायचा. कमकुवतपणाच्या प्रमाणात दुमडणेच मंदावले, तर तो मणी खिंडीतच जागेवर बसलेला होता. दुमडण्याचा वेग तोच राहून फक्त उलगडणे वाढले, तर तो खिंडीनंतर बसला. अशी शंभराच्या आसपास उत्परिवर्तने तपासली गेली. १९९५ मध्ये चित्र पुढे आले ते असे, की सोळावा मणी खिंडीत जवळजवळ पूर्ण बसलेला, बाकी बहुतेक अर्धेमुर्धे. एक भाग आधी पुरा आणि दुसरा मागाहून, असे नव्हेच. एका गाभ्याभोवती सगळी माळ एकदमच आकाराला येते.

पुढे संगणकाने क्रमावरून आकार सांगायला सुरुवात केली आणि २०२४ च्या रसायनशास्त्राच्या नोबेलमध्ये डेमिस हसाबिस व जॉन जम्पर यांचा वाटा आला. काम थोरच आहे. पण ‘आता प्रश्न सुटला’ हे मला पटत नाही. संगणक शेवटची घडी सांगतो, खिंडीतली नव्हे. हा फरक गाइडवर परीक्षा देणाऱ्या आम्हांला तरी कळायला हवा. घरात दुसरे पुस्तक नसलेल्या मुलाला गाइडचा केवढा आधार असतो ते मी जाणतो. तरी गाइडातले उत्तर बरोबर असूनही सरांनी ‘कसे?’ विचारले की वर्ग खाली पाहतो, हेही रोजचेच आहे.

शेजारच्या विज्ञान महाविद्यालयातील एखाद्या प्राध्यापकांनी आमच्या वाङ्मय मंडळात येऊन हा प्रयोग फळ्यावर मांडावा, अशी माझी सूचना आहे. पहिला बाक आम्ही धरून ठेवू.