सहा तारा आणि एक शंका

निवृत्तीनंतर गेल्या वर्षी गिटार शिकावयास घेतली. कांदिवलीच्या आमच्या घरी वाद्य येण्यापूर्वीच सौभाग्यवतींनी विचारले, "याच्या तारा कशाच्या असतात?"

शंका रास्त होती. पूर्वी या तारा जनावरांच्या आतड्यांपासून करीत. दुसऱ्या महायुद्धात ती तात शस्त्रक्रियेच्या टाक्यांसाठी लागू लागली, तिचा तुटवडा पडला आणि न्यूयॉर्कच्या आल्बर्ट ऑगस्टीन यांनी नायलॉनच्या तारा तयार केल्या. आज दुकानांत सर्वसाधारणपणे नायलॉनच्या किंवा धातूच्याच तारा मिळतात. तारा ज्यावर टेकतात ती पट्टी मात्र कधी हाडाची असते. ती प्लास्टिकची आहे ना, हे खरेदीपूर्वी अवश्य विचारावे.

नवशिक्याने नायलॉनच्या तारांची गिटार घ्यावी; बोटांना ती सौम्य. तिच्यावर पोलादी तारा चढवू नयेत. त्यांच्या अधिक ताणाने लाकूड वाकते.

पहिला धडा 'ई मायनर'चा. पाचव्या व चौथ्या तारेवर, दुसऱ्या पडद्यापाशी दोन बोटे. मी बोटे नेमकी पडद्यावरच ठेवीत असे. आवाज बोथट, बोटे हुळहुळलेली. वाद्य परत करावे असेही मनात आले. मग शिक्षकांनी बोटे किंचित मागे, पडद्याच्या लगत सरकविली. जोर निम्मा झाला, स्वर मोकळा झाला.

बँकेत दिवसाचा हिशेब त्याच दिवशी जुळवावा लागे. पंधरा मिनिटांचा सरावही तसाच. आठवड्याचा एकदम करून भागत नाही.

परवा तो स्वरमेळ स्वच्छ उमटला, तेव्हा सौभाग्यवती स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. या वेळी त्यांनी काही विचारले नाही.