'सयाजीराव' नावाच्या घोड्याविषयी

डॉन्कास्टरच्या शर्यतीतील त्या देखण्या घोड्याचे चित्र 'मराठी राजाने इंग्रजांना हरवले' या मथळ्यासह पुन्हा फिरू लागले आहे. त्यावर हा धागा. थोडा लांब आहे, रागही आहे.

प्रथम वस्तुस्थिती. १९४५ साली न्यूमार्केटच्या लिलावात बडोद्याचे प्रतापसिंहराव गायकवाड यांनी एक शिंगरू २८,००० गिनींना विकत घेतले. शिंगरासाठी तोवरची ती विक्रमी बोली होती. आजोबांचे नाव त्यास दिले: सयाजीराव. १९४७ मध्ये त्याने आयरिश डर्बी जिंकली आणि स्वातंत्र्यानंतर जेमतेम महिन्याभरात सेंट लेजरही. घोडा खरोखरच असामान्य होता, त्याबद्दल वाद नाही.

पण हरवले कोणाला? बाप निअर्को, प्रशिक्षक सॅम आर्मस्ट्राँग, जॉकी ऑस्ट्रेलियाचा एडगर ब्रिट, मैदान यॉर्कशायरचे. मराठी होते ते नाव आणि पैसा, इतकेच.

घोड्याच्या तैलचित्राची एक परंपरा आहे. जॉर्ज स्टब्जने १७६२ च्या सुमारास रंगवलेला 'व्हिसलजॅकेट' पाहा: जवळजवळ खऱ्या आकाराचा घोडा, मागे काहीही नाही. मोतद्दार नाही, तबेला नाही, जमीनही नाही. लंडनच्या नॅशनल गॅलरीने १९९७ मध्ये तो १ कोटी १० लाख पौंडांना घेतला. चित्र अप्रतिम आहे. परंतु आपल्या समाजमाध्यमांवरील अभिमानचित्रे हीच युक्ती वापरतात, पार्श्वभूमी पुसून टाकतात.

ती पार्श्वभूमी आपणच भरू. ज्यांचे नाव घोड्यास दिले ते सयाजीराव नाशिक जिल्ह्यातील कवळाण्याचे. १९०६ मध्ये त्यांनी संपूर्ण संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले. १९१३ मध्ये भीमराव आंबेडकर या तरुणास कोलंबियासाठी दरमहा साडेअकरा पौंड, तीन वर्षे शिष्यवृत्ती दिली. एकूण ४१४ पौंड. २८,००० गिनी म्हणजे २९,४०० पौंड. एका शिंगराच्या किमतीत अशा ७१ शिष्यवृत्त्या बसल्या असत्या. मधल्या तीस वर्षांत पौंडाचे मोल घटले, हे मान्य. चौथा भाग धरला तरी सतरा विद्यार्थी होतात!

सयाजीरावांचे बडोदे आदर्श नव्हतेच. तिथे नोकरीस आलेल्या बाबासाहेबांना राहावयास जागा मिळाली नाही, हा इतिहासही पुसू नये. तरीही त्या ४१४ पौंडांचा माग आमच्या शहरापर्यंत येतो. कोलंबियाहून परतलेल्या त्या विद्यार्थ्याच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९५० मध्ये येथे महाविद्यालय काढले. तेच आजचे नागसेनवनातील मिलिंद. माझ्यासारख्या मराठवाड्यातील कित्येकांच्या घरातला पहिला पदवीधर तिथूनच बाहेर पडला.

बडोदे संस्थान १९४९ मध्ये मुंबई राज्यात विलीन झाले, १९५१ मध्ये प्रतापसिंहरावांची मान्यताही गेली. पुढच्या वेळी तो घोडा भिंतीवर लावाल तेव्हा खाली किंमतही लिहा, आणि शेजारी ४१४ हा आकडा.