सांजेची उपासना गाती ठेवूया

यवतमाळ जिल्ह्यातल्या सर्व मंडळ्यांना, पाळकसाहेबांना आणि विशेषतः तरुण संघांना कळकळीची विनंती आहे, की गाऊन करायची सायंप्रार्थना आपल्या हयातीत बंद पडू देऊ नका.

ही उपासना अँग्लिकन परंपरेने जपली. मठांमधल्या संध्याकाळच्या आणि रात्रीच्या प्रार्थना एकत्र करून थॉमस क्रॅनमर यांनी १५४९ साली ती लोकांच्या भाषेत आणली. तिच्यात स्तोत्रे असतात, जुन्या-नव्या करारातले पाठ असतात आणि लूकच्या शुभवर्तमानातली दोन गीते असतात. मरियेच्या गीतात देव दीनांना उंच करतो. शिमोनाच्या गीतात एक म्हातारा तृप्त मनाने निरोप मागतो. थकूनभागून आलेल्या माणसाला धीर देण्याचे बळ या दोन गीतांत आजही आहे.

आपल्याकडे काम केले ते फ्री मेथडिस्ट मिशनने, मग हा वारसा आपला कसा, असे कोणी विचारेल. मेथडिस्ट चळवळीचे जनक जॉन वेस्ली शेवटपर्यंत अँग्लिकन पाळकच होते! १९७० साली चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची स्थापना झाली, तीही आपल्या नागपुरात, आणि तिच्यात अँग्लिकन मंडळीही सामील झाली. १९५३ ते १९८३ युनियन बिब्लिकल सेमिनरी यवतमाळात होती. ज्या गावाने इतके पाळक घडवले, तिथे सांजेचे गाणे मुके व्हावे, हे आपल्याला शोभत नाही.

त्यासाठी मोठा ऑर्गन लागत नाही. पेटी, तबला आणि टाळ पुरे. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी अभंगाच्या वळणाची भजने देऊन ठेवली आहेत. जॅक विन्स्लो या अँग्लिकन पाळकाने १९२२ साली ख्रिस्त सेवा संघ स्थापून उपासनेला भारतीय रूप दिले. वाट मळलेली आहे, आपण चालायचे आहे.

म्हणून महिन्यातला एक रविवार ठरवा. दोन्ही गीते संडे स्कूलच्या मुलांकडून पाठ करून घ्या. वडीलधाऱ्यांना येणाऱ्या चाली मोबाईलवर ध्वनिमुद्रित करा, कारण छापील पुस्तकात शब्द राहतात, चाल गळ्यातच राहते. दारव्हा, पुसद, वणी, उमरखेडच्या मंडळ्यांनी एकमेकींकडे गायला जावे.

येत्या आगमनकाळाच्या पहिल्या रविवारी सुरुवात करा. पाचच माणसे जमली तरी गा. पुढच्या महिन्यात त्या पाचांनी आणखी पाचांना घेऊन यावे.