गाडी उभी, बॅटरी आडवी!

‘‘अगं, गाडी चार्ज करतेयस ना?’’
‘‘हो हो.’’

मागच्या ऑगस्टपासून दर रविवारी रात्री व्हिडीओ कॉलवर हा डायलॉग ठरलेला. त्या बाजूला मिशिगनमध्ये दादाकडे, वहिनीच्या बाळंतपणासाठी गेलेली आई. या बाजूला वागळे इस्टेटमधल्या श्रीनगरच्या आमच्या फ्लॅटमध्ये एकटीच राज्य करणारी मी. आणि खाली पार्किंगमध्ये, कव्हरखाली, आईची इलेक्ट्रिक स्कूटर.

आता ही स्कूटर म्हणजे काय चीज आहे ते सांगते. बाबा होते तोवर आई कायम मागच्या सीटवर. बाबांची कंपनी इस्टेटमध्येच होती, त्यामुळे संध्याकाळी भाजी, बँक, डॉक्टर, सगळं बाबांच्या सोयीने. ते गेल्यावर साठीच्या आईने एक दिवस जाहीर केलं, ‘‘मी गाडी शिकणार.’’ लायसन्स नव्हतं. पण ताशी २५ किलोमीटरच्या आत धावणाऱ्या, २५० वॉटपर्यंतच्या गाडीला ते लागतच नाही. बॉस, त्या दिवसापासून आईला घरी फोन करून उपयोग नसायचा. ती घरी नसायचीच!

तर, पाच महिन्यांत मी गाडी किती वेळा चार्ज केली? शून्य. डेडलाइन्स, ट्रेन, पाऊस... कारणं भरपूर आहेत, पण खरं कारण एकच. जी गाडी कोणी चालवतच नाही तिला चार्ज कशाला करायचं, असं मला मनापासून वाटत होतं.

मध्येच नोव्हेंबरात आईने फोनवर नवीनच स्टोरी सांगितली. दादाच्या शेजारचे रिटायर्ड आजोबा त्यांची गोल्फ कार्ट हिवाळ्यासाठी गॅरेजमध्ये ठेवत होते. आईने बाळाला कडेवर घेऊन सगळा सोहळा पाहिला. सीट उचलली, खाली सहा मोठ्या बॅटऱ्या. खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने टर्मिनल साफ केले, बॅटऱ्या फुल चार्ज केल्या, मग त्यात डिस्टिल्ड वॉटर टाकलं आणि मेन कनेक्शन काढून ठेवलं. ‘‘वसंतात काढतील तेव्हा जशीच्या तशी चालेल म्हणे. दर महिन्याला चार्जिंग बघतात. आपल्या गाडीतही तसल्याच बॅटऱ्या आहेत ना गं?’’

‘‘हो हो.’’

आई यायला दहा दिवस उरले तेव्हा कव्हर काढलं. चावी फिरवली. काहीही नाही. चार्जर लावला, तर दोन मिनिटांत हिरवा दिवा! मी खूश. चावी फिरवली, परत अंधार. मग मात्र पोटात गोळा आला.

वागळे इस्टेटचा एक फायदा आहे. एमआयडीसी १९६२ साली आली आणि तिची पहिली वसाहत म्हणजे आमची ही इस्टेट. आज चकाचक ऑफिसेस झाली असली, तरी मागच्या गल्ल्यांत गाळे अजून आहेत. अशाच एका गाळ्यात बॅटरीवाले काका सापडले. त्यांनी मल्टिमीटर लावला. चार बॅटऱ्या. ११.९, ११.४, ११.६ आणि एक चक्क ८.२!

‘‘ताई, किती महिने उभी होती?’’
‘‘पाच.’’
‘‘एकदाही चार्ज नाही?’’

खोटं बोलायची सवय दर रविवारची होती, पण इथे चालली नाही. मीटर समोरच होता.

काकांनी सांगितलेला फंडा असा. लीड-ॲसिड बॅटरी नुसती ठेवली तरी आपोआप उतरत जाते, महिन्याला साधारण तीन ते पाच टक्के. वर गाडीचा अलार्म आणि कंट्रोलर चोरून थोडं थोडं खात असतात, ते वेगळंच. बॅटरी उतरली की आतल्या प्लेटांवर लेड सल्फेट जमतं. लगेच चार्ज केलं तर ते निघून जातं. महिनोन्महिने तसंच राहिलं तर त्याचे कडक खडे होतात आणि मग चार्जर काही करू शकत नाही. तो हिरवा दिवा म्हणजे पोट भरल्याचा नव्हता, तोंड मिटल्याचा होता.

आणि मिशिगनसारखा बर्फ आपल्याकडे नाही म्हणून खूश होऊ नका. तिथे उतरलेली बॅटरी गोठून फुटू शकते हे खरं. पण गरमीत बॅटरी उलट जास्त वेगाने उतरते. तापमान दहा अंशांनी वाढलं की वेग जवळपास दुप्पट! २०२०चा लॉकडाऊन आठवा. मार्चमध्ये उभ्या केलेल्या गाड्या अनलॉकमध्ये ढकलत गॅरेजला नेल्या होत्या की नाही आपण?

दोन दिवस स्लो चार्जिंग करून तीन बॅटऱ्या थोड्याफार उठल्या. चौथी गेलीच. मी म्हटलं, एकच नवीन टाकू. काका म्हणाले, ‘‘नको. चारही एका लायनीत आहेत. जुन्या तीन लवकर बसणार आणि नवीनलाही घेऊन बसणार.’’ म्हणजे पूर्ण सेट. माझ्या चार कॉलमचं मानधन एका झटक्यात! जुन्या बॅटऱ्या दुकानातच परत दिल्या. आत शिसं असतं, त्या भंगारात किंवा कचऱ्यात टाकायच्या नाहीत.

तुमचीही गाडी उभी राहणार असेल, तर हे कापून फ्रिजवर लावा. ठेवण्याआधी फुल चार्ज. मेन स्विच किंवा कनेक्टर बंद. महिन्यातून एकदा पुन्हा फुल चार्ज, तेही हवेशीर जागी. मीटर असेल तर १२ व्होल्टच्या बॅटरीला १२.४च्या खाली जाऊ देऊ नका, फुल असताना ती १२.७च्या आसपास दाखवते. झाकणाच्या बॅटरीत डिस्टिल्ड वॉटर चार्जिंग झाल्यावरच टाका, सीलबंद असेल तर उघडूच नका. आणि लिथियमवाल्यांनो, तुमचं गणित वेगळं. ती साधारण निम्मी भरून थंड जागी ठेवायची. फुल भरून महिनोन्महिने ठेवली तर तिचं आयुष्य कमी होतं.

आई आली. जेटलॅग वगैरे तिला माहीतच नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी पिशवी घेऊन खाली. चावी फिरवली, गाडी सुरू. मी गॅलरीतून बघत होते. संध्याकाळी राहवलं नाही, सगळं सांगून टाकलं.

‘‘मला माहीत होतं,’’ आई भाजी निवडत म्हणाली. ‘‘खरंच केलं असतंस तर एकदाच ‘हो’ म्हणाली असतीस.’’

मग उठून तिने भिंतीवरचं कॅलेंडर काढलं. पुढच्या वर्षी बारशाचं बाळ चालायला लागेल, तेव्हा ती परत जाणार आहे. प्रत्येक संकष्टीच्या चौकटीत तिने पेनने ‘बॅ.’ लिहिलंय. महिन्यातून एकदा, न चुकता. चंद्रोदयापर्यंत माझा उपास, आणि गाडीला मात्र पोटभर!