धोक्याच्या रंगांची बाराखडी

आपल्या शाळांतून बाराखडी घोटून घेतली जाते, पाढे पाठ करवून घेतले जातात, नकाशातील निळा रंग पाण्याचा व तपकिरी रंग डोंगराचा हेही मुलांना सांगितले जाते. परंतु ज्या रंगांवर माणसाचा प्राण अवलंबून असतो, त्यांची ओळख करून देण्याची तसदी सहसा कोणी घेत नाही. ही उणीव शाळेनेच भरून काढली पाहिजे, असे माझे स्पष्ट मत आहे. आणि त्यामागील कारणे विद्यार्थ्यांपुढे व त्यांच्या पालकांपुढे मांडण्याचा येथे विचार आहे.

प्रथम हे ध्यानी घ्यावे की, यंत्रयुगातील पुष्कळशा धोक्यांना स्वतःचे रूपच नसते. साप दिसतो, आग दिसते. पण तारेतून वाहणारी वीज दिसत नाही. शुद्ध गंधकाम्ल पाण्याइतकेच नितळ दिसते. नळातून थंड पाणी जात आहे की कढत वाफ, हे नुसते बाहेरून पाहणाऱ्यास कळत नाही. निसर्गाने जी खूण दिली नाही ती माणसाने आपण होऊन द्यावयाची, हेच रंगसंकेतांचे मूळ होय.

आपल्या देशात भारतीय मानक संस्थेने, म्हणजे १९८७ पासून भारतीय मानक ब्यूरो या नावाने ओळखल्या जाणाऱ्या संस्थेने, १९६३ साली कारखान्यांतील नळांच्या रंगांविषयी मानक प्रसिद्ध केले. त्या व्यवस्थेत पाण्याच्या नळास समुद्री हिरवा, हवेच्या नळास आकाशी, तेलाच्या नळास फिकट तपकिरी आणि इतर वायूंच्या नळास पिवळा रंग असतो. सूचनाफलकांचेही तसेच आहे. लाल म्हणजे मनाई, पिवळा म्हणजे सावधान, निळा म्हणजे सांगितलेले अवश्य करा, आणि हिरवा म्हणजे सुरक्षित वाट. रुग्णालयात प्राणवायूची टाकी काळी व तिचा खांदा पांढरा असतो, तर भूल देण्याच्या नायट्रस ऑक्साइडची टाकी निळी असते. या दोहोंची अदलाबदल झाली तर काय अनर्थ ओढवेल, हे सांगावयास नकोच.

मात्र रंगाच्या अंगी स्वतःचा असा अर्थ नसतो; तो आपण सर्वांनी मिळून ठरविलेला असतो. उज्जैनच्या विद्यार्थ्याला ही गोष्ट सहज पटावी. प्राचीन भारतीय ज्योतिषी रेखांशाची गणना उज्जयिनीवरून जाणाऱ्या रेषेपासून करीत. ती रेषा क्षिप्रेच्या काठी कोणी आखून ठेवलेली नव्हती. सर्वांनी ती मानली, म्हणूनच तिच्या आधारे पंचांगे जुळली. रंगांचेही असेच आहे. आपल्याकडील घरगुती वीजजोडणीत लाल तार विद्युत्भारित, काळी तार न्यूट्रल आणि हिरवी तार जमिनीत जाणारी, असा परिपाठ आहे. अमेरिकेत मात्र काळी तारच विद्युत्भारित असते! जो रंग एका देशात निर्धोक समजला जातो, तोच दुसऱ्या देशात प्राणघातक ठरतो. तेव्हा संकेत शिकावा लागतो. तो उपजत येत नाही.

या संकेतांचा एक मोठा गुण असा की, ते भाषांच्या भिंती ओलांडतात. माझी मातृभाषा कोंकणी. पिवळ्या रंगाला आमच्या घरी हळदुवो म्हणतात, शाळेत तो पिवळा होतो आणि येथल्या बाजारात पीला. शब्द तीन, पण विजेच्या पेटीवरचा पिवळा त्रिकोण तिघांनाही एकच गोष्ट सांगतो. याच जिल्ह्यातील नागद्यास १९५४ पासून लाकडाच्या लगद्यापासून कृत्रिम तंतू तयार होतो आणि या प्रक्रियेत दाहक सोडा व गंधकाम्ल लागते. अशा उद्योगांत निरनिराळ्या प्रांतांचे लोक खांद्याला खांदा लावून काम करतात. तेथे रंग हीच सर्वांची समाईक लिपी होय.

तथापि केवळ रंगावर विसंबणेही बरे नव्हे. १८७५ साली स्वीडनमध्ये लागरलुंडा येथे दोन आगगाड्यांची टक्कर झाली. या अपघातामागे रंगांधता असावी, असा संशय होल्मग्रेन नावाच्या शरीरशास्त्रज्ञाने व्यक्त केला, आणि त्यानंतर रेल्वे कर्मचाऱ्यांची दृष्टी तपासण्याच्या प्रथेस जोर आला. ज्याला लाल व हिरवा यांतील भेद कळत नाही, त्याच्यासाठी चिन्ह व अक्षर हवेच. शिवाय एकाच रंगाचा अर्थ स्थानपरत्वे बदलतो. सिग्नलचा हिरवा दिवा गाडीला निर्धास्त पुढे जाण्यास सांगतो; पण १९७१ च्या कीटकनाशक नियमांप्रमाणे डब्यावर जो हिरवा त्रिकोण छापला जातो, त्याचा अर्थ ‘विष नाही’ असा नसून ‘विष सौम्य आहे’ असा आहे. लाल, पिवळा, निळा व हिरवा या चारही खुणा विषाच्याच. भेद केवळ तीव्रतेचा. माळव्यातील किंवा विदर्भातील शेतकऱ्याने हिरवा रंग पाहून नाकातोंडाला फडके न बांधता फवारणी केली, तर दोष त्याच्या डोळ्यांचा नव्हे. त्याला अर्थ सांगितला गेला नाही याचा आहे.

कोणी म्हणेल, हे ज्ञान कामगारांनी मिळवावे. शाळकरी मुलांना त्याचे काय? याचे उत्तर भोपाळने दिले आहे. १९८४ च्या डिसेंबरात तेथे विषारी वायू सुटला, तेव्हा त्याला बळी पडलेल्यांत कारखान्याची पायरीही न चढलेली हजारो माणसे होती. शेजारी काय साठविले आहे आणि प्रसंगी काय करावे, हे त्यांना कोणी सांगितलेच नव्हते. १९८७ साली कारखाना कायद्यात दुरुस्ती झाली, तीत धोक्याची माहिती आसपासच्या रहिवाशांनाही देण्याचे बंधन घातले गेले. म्हणजे हे ज्ञान नागरिकाचे आहे, असे कायद्यानेही मानले.

म्हणून माझी सूचना अशी : आठवीच्या वर्गात वर्षातून दोन तास या विषयाला द्यावेत. प्रयोगशाळेतील प्रत्येक बाटलीवर रंगीत पट्टीबरोबर मराठी व हिंदी नाव असावे. वर्गात एक तक्ता टांगावा आणि उन्हाने तो फिकट होताच पुन्हा रंगवावा. कारण पुसट झालेला इशारा हा इशाराच नव्हे. आणि पालकांना विनंती ही की, फरशी धुण्याचे आम्ल किंवा रॉकेल सरबताच्या रिकाम्या बाटलीत कदापि ठेवू नये. मूळ बाटलीवरची खूण काढून टाकणे म्हणजे आंधळ्याच्या हातची काठी काढून घेणे होय.

विद्यार्थ्यांनो, उद्या तुमच्यापैकी कोणी विजेच्या खांबावर चढेल, कोणी रुग्णालयात उभे राहील, कोणी शेतात फवारणी करील. त्या वेळी विचार करायला फुरसत नसेल. पूर्वी शिकलेलेच तेवढे कामास येईल. अक्षरओळख माणसाला शहाणे करते. ही रंगओळख त्याला सुखरूप घरी परत आणते.