युद्ध संपल्यावर बोलणाऱ्या बायका

पहलगामच्या हल्ल्यात नवरा गमावलेली एक तरुणी २०२५च्या मे महिन्यात एवढेच म्हणाली होती की, आम्हाला न्याय हवा, पण त्यापायी मुसलमान आणि काश्मिरी लोकांच्या मागे लागू नका. तिच्या लग्नाला आठवडाही झाला नव्हता. कालपर्यंत तिचा फोटो पाहून हळहळणारे लोक आता तिचे चारित्र्य तपासू लागले. अखेर राष्ट्रीय महिला आयोगाला या ट्रोलिंगचा निषेध करावा लागला.

माझ्यासारख्या मुसलमानाला शांततेविषयी बोलायचे तर आधी देशभक्तीचा दाखला द्यावा लागतो. त्याची आता सवय झाली आहे. पण जिने सर्वांत मोठी किंमत मोजली, तिलाही तोच दाखला मागितला गेला. तेव्हा मी स्वेतलाना अलेक्सिएविच यांची पुस्तके पुन्हा कपाटातून काढली.

अलेक्सिएविच बेलारूसच्या, पेशाने पत्रकार. २०१५ साली त्यांना साहित्याचे नोबेल मिळाले. दुसऱ्या महायुद्धात सोव्हिएत सैन्यात आठ ते दहा लाख बायका होत्या. त्यांत नेमबाज होत्या, वैमानिक होत्या, परिचारिका होत्या आणि सैनिकांचे रक्ताळलेले कपडे धुणाऱ्याही होत्या. विजयाच्या इतिहासात त्यांना जेमतेम जागा मिळाली. अलेक्सिएविच टेपरेकॉर्डर घेऊन त्यांच्या घरी गेल्या. एका घरी तर नवऱ्याने आदल्या रात्री बायकोला युद्धाचा इतिहास पाठ करायला लावला होता. तिने रडगाणे न गाता लढायांचे नीट सांगावे, अशी त्याची अपेक्षा होती.

बायका मात्र वेगळेच सांगत होत्या. पायात न बसणारे पुरुषी बूट, कापलेल्या वेण्या, पहिला माणूस मारल्यावर हातांना सुटलेला कंप. एकीची गोष्ट मला विसरता येत नाही. चार वर्षे आघाडीवर लढून ती पदके घेऊन घरी आली. काही दिवसांतच आईने तिला पहाटे उठवले आणि हातात गाठोडे दिले. तू इतकी वर्षे पुरुषांत राहिलीस, आता तुझ्या धाकट्या बहिणींशी लग्न कोण करणार, हा आईचा प्रश्न होता. ही आई रशियातली आहे, हे मला स्वतःला पुन्हा सांगावे लागले, इतकी ती ओळखीची वाटली.

हे पुस्तक दोन वर्षे अडकून पडले. शांततावाद हा लेखिकेवरचा एक आरोप होता! १९८५ साली ते छापले गेले, तेही कात्री लागून. त्याच्या नावाचा अर्थ असा की, युद्धाचा चेहरा बाईचा नसतो.

पुढे अलेक्सिएविच अफगाणिस्तानच्या युद्धाकडे वळल्या. १९७९ ते १९८९ या काळात तिथे सुमारे १५ हजार सोव्हिएत सैनिक मेले. जस्ताच्या बंद पेट्यांतून मुले परत येत. पेटी उघडायची परवानगी नसे. आत आपलाच मुलगा आहे, यावर आईने विश्वास ठेवायचा. या आयांनी लेखिकेपुढे मन मोकळे केले. पण पुस्तक आल्यावर, १९९२-९३मध्ये, त्यांतल्याच काही जणींनी मिन्स्कच्या कोर्टात तिच्यावर खटला भरला. तिने आमच्या मुलांची बदनामी केली, असे त्यांचे म्हणणे होते. त्या आयांचा मला राग येत नाही. मुलगा गेला, आता तो वीर होता एवढाच आधार उरला होता. तोही काढून घेतला तर त्यांनी कशाला धरून जगायचे? राग येतो तो त्यांच्यावर हा सौदा लादणाऱ्या सत्तेचा.

त्याच काळातला एक प्रसंग त्यांनी नोबेल स्वीकारतानाच्या भाषणातही सांगितला होता. काबूलच्या इस्पितळात त्यांनी एका मुलापुढे खेळणे धरले. मुलाने ते दातांनी उचलले. असे का, म्हणून विचारल्यावर आईने पांघरूण बाजूला केले. पोराला दोन्ही हात नव्हते. रशियन बॉम्बने ते नेले होते. त्या अफगाण आईची गोष्ट काही ओळींतच संपते. माझी तक्रार असेल तर ती इथे आहे. चढाई करणाऱ्यांच्या आया पुस्तकभर बोलतात आणि जिच्या अंगणात बॉम्ब पडला, ती मात्र पांघरूण बाजूला करण्यापुरती येते. तरीही लेखिकेने तिच्यासमोर मान खाली घातली. हे फार थोड्यांना जमते.

बाई जन्मतःच शांतताप्रिय असते, असे मी मानत नाही. सोव्हिएत बायकांनी बंदुका चालवल्या आणि हिटलरविरुद्ध लढल्याचा बहुतेकींना पश्चात्तापही नव्हता. मुद्दा स्वभावाचा नाही. ‘थ्री गिनीज’ या १९३८च्या पुस्तकात व्हर्जिनिया वुल्फने घरातली पुरुषी हुकूमत आणि बाहेरची हुकूमशाही यांचे नाते दाखवले होते. आघाडीवरून परतलेल्या लेकीला पहाटे घराबाहेर काढणारी रीत आणि आज विधवेचे चारित्र्य तपासणारा जमाव पाहिला की ते नाते पुन्हा दिसते. दोघांनाही बाई हवी असते, पण गप्प बसलेली.

शांतता म्हणजे शरणागती, असे कोणी म्हटले की मला त्या तरुणीचे शब्द आठवतात. तिने न्याय मागितला होता. त्यासोबत ज्यांनी काही केले नव्हते, त्यांना सोडून द्या, एवढेच म्हटले होते. त्या लोकांत मीही होतो. म्हणून तिला ट्रोल केले जात असताना गप्प बसणे मला शोभणारे नव्हते.